पळसाला विसावा

आषाढ लागला की कुम्हारीच्या आसपासच्या बांधांवरचे पळस गर्द हिरवे होतात. फाल्गुनात ज्या झाडाकडे येणारा-जाणारा मान वर करून पाहतो, त्याच्याकडे आता कुणी ढुंकूनही पाहत नाही. रायपूर-दुर्ग रस्त्यावरची वाहने भरधाव निघून जातात, भिलाईच्या दिशेने मालगाड्या धडधडत राहतात, खारुन नदी गढूळ पाण्याने वाहत असते. नदीपलीकडे रायपूर जिल्हा, अलीकडे दुर्ग, आणि मधल्या शेतांच्या कडेला हा पळस. इथली माणसे त्याला परसा म्हणतात. भोसल्यांच्या अमलात आणि पुढे पोलाद कारखान्याच्या नोकरीपायी जी मराठी घरे या पट्ट्यात येऊन राहिली, त्यांना हे झाड नवे नव्हते. भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीतून पूर्वेला निघावे, तर पळस सोबत चालतच राहतो.

त्याच्या फुलांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलून झाले आहे. आज सकाळी त्याच्या अंगातल्या रसाविषयी बोलू या, आणि त्या रसावर जन्म काढणाऱ्या एका जिवाविषयी.

कुम्हारीपासून दक्षिणेला धमतरी आणि त्यापुढे कांकेर हा लाखेचा मुलूख. याच दिवसांत तिथल्या पळसाच्या फांद्यांवर एक लगबग चालू असते, पण ती दिसायला डोळे फांदीच्या अगदी जवळ न्यावे लागतात. फांदीवर राळेचा खडबडीत थर चढलेला असतो. त्या थरातल्या बारीक छिद्रांतून लालभडक पिल्ले बाहेर पडतात. एकेकाची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. सहा पाय, दोन डोळे, दोन मिशा असा सगळा सरंजाम घेऊन ती कोवळ्या फांदीच्या शोधात चालू लागतात. मनाजोगती जागा सापडली की पिल्लू सुईसारखी सोंड सालीत खुपसते आणि झाडाच्या रसवाहिनीपर्यंत पोहोचवते. पाने उन्हात जी साखर तयार करतात, ती या वाहिनीतून खाली मुळांकडे जात असते. पिल्लाला तीच हवी असते.

यानंतर मादी कधीही चालत नाही. पहिली कात टाकताना तिचे पाय जातात, डोळे जातात. जागा निवडण्याचा तो एकच निर्णय आयुष्यात तिच्या हाती असतो. पुढचे सगळे जगणे, विणीसकट, त्याच ठिपक्यावर. शरीरातून राळ झिरपू लागते आणि हळूहळू तिला चहूबाजूंनी झाकून टाकते. फक्त सोंडेची जागा, श्वासाची दोन छिद्रे आणि शेपटाकडचे एक छिद्र मोकळे राहते. ही छिद्रे राळेने बुजू नयेत म्हणून त्यांतून मेणाचे पांढरे तंतू बाहेर येतात. म्हणून जिवंत लाखेची फांदी दुरून भुरकट पांढरी, लव आल्यासारखी दिसते. नरांचे आयुष्य निराळे. त्यांना पुन्हा पाय फुटतात, काहींना पंखही येतात. ते आपल्या कोषातून बाहेर पडून माद्यांवरून फिरतात आणि तीन-चार दिवसांत मरून जातात. माद्या मात्र महिनोन्‌महिने रस ओढत, राळ चढवत राहतात आणि शेवटी त्या राळेच्या घरातच शेकडो अंडी घालून संपतात. शेजारच्या माद्यांची राळ एकमेकींत मिसळून फांदीवर जे एकसंध आवरण बनते, ती लाख.

पाटण्याच्या जेम्स केर यांनी १७८१ साली या किड्याचे वर्णन लिहून लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवले. त्यांचेच नाव पुढे किड्याला मिळाले, केरिया लॅका. पण आपल्याकडे लाख त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. पायांना लावायचा अळता याच किड्याच्या अंगातल्या लाल रंगाचा असे. कारखान्यांतून कृत्रिम रंग निघू लागल्यावर व्यापाऱ्यांना त्या रंगाची गरज उरली नाही. राळेची मात्र वाढतच गेली.

आता हे सगळे झाडाच्या बाजूने पाहू या. रसवाहिनीतल्या पाण्यात साखर भरपूर असते, अंग वाढवायला लागणारी नत्रयुक्त द्रव्ये मात्र थोडी. म्हणून या किड्यांना गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस ओढावा लागतो. नको असलेली साखर ते शेपटाकडून टाकून देतात. आपल्या शेतकऱ्यांना ती नीट ठाऊक आहे. आंब्यावर, उसावर, पेरूवर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण पडला की पाने चिकट होतात आणि शेतकरी म्हणतो, चिकटा आला. त्या चिकट्यावर मुंग्या येतात. मग काळी बुरशी चढते, पान काजळी फासल्यासारखे होते, त्याला ऊन मिळत नाही आणि साखर बनण्याचे कामच मंदावते. म्हणजे झाडाचा तोटा दुहेरी. तयार झालेली साखर जाते आणि नवी तयार व्हायला अडथळा येतो. किडे थोडे असतील तर झाड हे सहज सोसते. फार झाले तर फांदीचा शेंडा वाळतो, मग फांदी, आणि सोसण्याची शक्ती संपली की एखाद्या उन्हाळ्यात सारे झाडच जाते.

एक गोष्ट मला पुन:पुन्हा थांबवते. या किड्याला झाड थकले आहे हे कळले, तरी तो करणार काय? त्याला उठता येत नाही. सुरवंट पान संपले की दुसऱ्या फांदीवर जातो, टोळ शेत संपले की उडून जातो. लाखेच्या किड्यासारख्या खवले किडीला ती सोय नाही. पाय गेल्यावर तिला घेणे कमी करता येत नाही आणि जागा सोडताही येत नाही. झाड जिवंत असेपर्यंत ओढत राहणे एवढेच तिला येते. मग झाडे वाचतात कशी? इतकी कोट्यवधी वर्षे हे किडे आणि झाडे सोबत कशी राहिली?

कुणीतरी तिसरा त्यांच्यात हिशोब ठेवतो म्हणून. तो तिसरा कोण, हे कळायला थोडे लांब जावे लागेल.

इटलीच्या रोम शहरात रस्त्यांच्या आणि प्राचीन अवशेषांच्या कडेने उंच पाइन वृक्ष उभे आहेत. सरळ खोड आणि वर पसरलेला घेर. रोमचे चित्र या झाडांशिवाय पुरे होत नाही. उत्तर अमेरिकेतली एक खवले कीड २०१४च्या सुमारास नेपल्सच्या परिसरात सापडली आणि २०१८पर्यंत रोममध्ये पोहोचली. कासवाच्या पाठीसारखा आकार म्हणून तिला तिकडे पाइनचे कासव म्हणतात. तिने त्या झाडांच्या सुया चिकट करून टाकल्या, त्यावर काळी बुरशी चढली, सुया गळू लागल्या आणि घेर विरळ झाले. महापालिकेला हजारो झाडांच्या खोडांत औषधाची इंजेक्शने देण्याचे काम हाती घ्यावे लागले. त्याआधी, २००५च्या सुमारास, हीच कीड कॅरिबियन समुद्रातल्या टर्क्स आणि केकॉस बेटांवर पोहोचली होती. नाताळसाठी बाहेरून आणलेल्या झाडांवरून ती आली असे मानले जाते. तिथला मूळचा पाइन हा त्या बेटांचा राष्ट्रीय वृक्ष. काही वर्षांत त्याची बहुतेक वने उभ्या उभ्या वाळली, आणि उरलेल्या बियांतून रोपे करून ते झाड जपण्याची वेळ आली.

हीच कीड अमेरिकेत आपल्या मूळच्या पाइनवर पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. तिथेही ती रस ओढते, तिथेही चिकटा पडतो. पण तिथे तिला खाणारे भुंगेरे आहेत, तिच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या आहेत, थंडी आहे. हे सगळे मिळून तिची संख्या आवरून धरतात. बेटावर ती एकटीच आली. खाणारे मागे राहिले.

ग्रीस आणि तुर्कस्तानात पाइनवर राहणारी आणखी एक खवले कीड आहे. तिचा चिकटा मधमाश्या गोळा करतात आणि त्याचा गडद, घट्ट मध होतो. जगातला बहुतेक पाइन-मध तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या जंगलांतून येतो. हजारो कुटुंबे त्यावर जगतात. ग्रीसमध्ये गेल्या शतकाच्या अखेरीस मध वाढावा म्हणून ही कीड जिथे नव्हती अशा पाइनवनांतही मुद्दाम सोडली गेली. तिथे मध वाढण्याबरोबर झाडे खंगू लागली आणि मधपाळ आणि वनप्रेमी यांच्यात वाद पेटला. पुढे ती ऑस्ट्रेलियातल्या शहरांतही जाऊन पोहोचली आणि तिथे तर ती निव्वळ कीडच ठरली.

आपल्या दख्खनने याची उलटी बाजू पाहिली आहे. फड्या निवडुंग बाहेरून आला आणि गावांच्या कुंपणांवरून गायरानांवर पसरला. १९२६च्या सुमारास श्रीलंकेतून एक कोचिनील किडा आणून त्यावर सोडला गेला. हाही खवले किडीच्याच गोतातला. काही वर्षांत दक्षिणेतला आणि दख्खनमधला तो निवडुंग कोसळत गेला, गायराने मोकळी झाली. लोकांनी त्याचा आनंद मानला आणि तो रास्तच होता. पण या किड्याने इथे केले तेच, जे पाइनच्या कासवाने रोममध्ये केले. कुणी आवरणारे नसले की असा किडा झाड संपेपर्यंत थांबत नाही.

आता पुन्हा पळसाकडे येऊ.

लाखेच्या किड्यालाही शत्रू आहेत. दोन पतंग आहेत, त्यांच्या अळ्या राळेत शिरून किडे आणि लाख दोन्ही फस्त करतात. काही बारीक गांधीलमाश्या किड्याच्या अंगात अंडी घालतात. जंगलात आपोआप आलेल्या लाखेची वाढ हेच जीव रोखून धरतात. शेतकरी लाख पाळायला लागला की त्याची पहिली लढाई या शत्रूंशी असते. बीहन, म्हणजे पिल्ले बाहेर पडण्याच्या बेतात असलेल्या लाखेच्या काड्या, तो नव्या झाडाच्या फांद्यांना बांधतो. हल्ली हे बीहन बारीक जाळीच्या पिशवीत भरून बांधायला शिकवतात. पिल्ले जाळीतून निसटतात, पतंग आतच अडकतात. साधारण तीन आठवड्यांनी पिल्ले बसून झाली की रिकाम्या काड्या उतरवून घ्यायच्या. त्यांना फुंकी म्हणतात. फुंकी झाडावरच राहिली तर तिच्यातून शत्रू बाहेर पडतात आणि नव्या पिकाला लागतात. फुंकी वेळेवर उतरवणारा आणि न उतरवणारा यांच्या पिकात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

म्हणजे शेतकऱ्याने किड्याच्या शत्रूंना बाजूला केले. झाडाच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट धोक्याची आहे. जो किड्याची संख्या रोखत होता त्यालाच घालवून दिले. आता किडे वाढत जाणार आणि पळसाचे तेच होणार जे त्या बेटावरच्या पाइनचे झाले. ते होत नाही, कारण शत्रूला हटवणाऱ्या माणसाने त्याचे कामही स्वत:च्या अंगावर घेतले आहे. लाखेच्या शेतीतले हे मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. किडा वाढवणे सोपे आहे. किती वाढू द्यायचा हे ठरवणे कठीण.

हे काम कसे होते ते पाहण्यासारखे आहे. लाखेच्या दोन जाती. रंगिणी पळसावर आणि बोरीवर होते. कुसुमी होते कुसुमाच्या झाडावर, ज्याला आपण महाराष्ट्रात कोशिंब म्हणतो आणि छत्तीसगडी बोलीत कोसम. कुसुमीची राळ उजळ, तिला भाव जास्त. प्रत्येक जातीची वर्षाला दोन पिके. रंगिणीची बैसाखी आणि कतकी, कुसुमीची जेठवी आणि अगहनी. आत्ता, आषाढात, रंगिणीचे बैसाखी पीक पुरे होते आणि त्याच्याच पिल्लांवर कतकी सुरू होते. कार्तिकात कतकी निघते आणि बैसाखीचे बीहन बांधले जाते.

पण दर वेळी त्याच झाडावर बांधत नाहीत. पळसाचे दोन कूप, म्हणजे झाडांचे दोन गट, करतात. एका कुपावर पीक असताना दुसरा मोकळा राहतो. मोकळ्या कुपातल्या झाडांच्या बारीक फांद्या धारदार हत्याराने छाटल्या जातात, म्हणजे कोवळे फुटवे येतात. जून सालीत पिल्लाची सोंड नीट शिरत नाही, त्यामुळे कोवळा फुटवा हाच लाखेचा पाया. पळसाला छाटणीनंतर साधारण सहा महिने लागतात. कोसम सावकाश वाढणारे झाड, त्याला दीड वर्षाच्या आसपास विसावा द्यावा लागतो. म्हणून त्याचे चार कूप करतात आणि फिरत फिरत पीक घेतात. बीहनही फुटव्यांच्या मानाने बांधायचे असते. जास्त बांधले तर पिल्ले एकमेकांना खेटून बसतात, फांदी सुकते आणि तिच्यावरचे सगळे किडेही मरतात. लालसेने बांधलेल्या बीहनाचा शेवट असा दोघांच्या मरणात होतो.

हे शास्त्र म्हणून आज शिकवले जाते. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाख संशोधन संस्था उभी राहिली. शंभर वर्षे झाली तिला, नाव दोनदा बदलले, पण छाटणी, कूप, जाळी, बीहनाचे प्रमाण यांवरचे तिचे काम आजही खेड्यांपर्यंत पोहोचते. तरी या शास्त्राचे मूळ माणसांच्या पाहण्यातच आहे. लाख पिकत आली की मादीच्या घराच्या मागच्या भागावर पिवळा ठिपका उमटतो. तो दिसला की पिल्ले निघायची वेळ जवळ आली. फांदी जवळ घेऊन तो ठिपका शोधणारा डोळा घरातल्या थोरांकडून शिकावा लागतो.

आणि त्या डोळ्यावर किती काय उभे राहिले! कोल्हापुरी साजाच्या आणि ठुशीच्या सोन्याच्या पातळ पत्र्याआड लाख भरलेली असते. पत्रा दबू नये, दागिना हलका राहावा आणि सोने कमी लागावे, हे सगळे लाखेने साधते. सावंतवाडीच्या खेळण्यांवरचे आणि गंजिफांवरचे चकचकीत काम लाखेचे. पोस्टाच्या पार्सलावरचे आणि न्यायालयाच्या पाकिटावरचे शिक्के लाखेचे. सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून ठेवतो. औषधाच्या गोळ्यांवर आणि बाजारातल्या चकाकत्या सफरचंदांवरही ती असते.

मात्र लाखेचे मला जे रूप सर्वांत जवळचे वाटते ते निराळेच. ७८ फेऱ्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका लाखेत खनिजांची भुकटी मिसळून, ते मिश्रण तापवून आणि दाबून घडवलेल्या असत. बालगंधर्वांची नाट्यपदे, मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे किराण्याचे स्वर गावोगाव गेले ते या तबकड्यांवरून. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारी लाख अडली तेव्हा, १९४२ साली, अमेरिकेने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक बंधने घातली. जुन्या तबकड्या परत घेऊन त्या वितळवाव्या लागल्या. नंतर प्लॅस्टिकच्या तबकड्या आल्या आणि लाखेचा तो काळ संपला. पण ज्या घरात आजही जुन्या फोनोवर खाँसाहेबांची भैरवी लागते, तिथे सुई एखाद्या पळसाच्या किंवा कोसमाच्या साखरेतून झालेल्या राळेवरच फिरत असते. झाडाने पानात ऊन धरले, किड्याने ते रसातून घेतले, कुणा गोंड घरातल्या बाईने काडीवरून खरवडले, आणि त्यात मिरजेचा सूर उमटला. अशा गोष्टीचे ऋण कुणाकडे मोजावे हे मला कळत नाही, पण त्यात झाडाचा वाटा सर्वांत मोठा आहे.

देशातली बहुतेक लाख झारखंड आणि छत्तीसगडमधून येते. आपल्या बाजूला गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही ती होते. छत्तीसगडने काही वर्षांपूर्वी लाखपालनाला शेतीचा दर्जा दिला, म्हणजे शेतीसारखे कर्ज त्यालाही मिळू लागले. वनोपजांच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीत रंगिणी आणि कुसुमी दोन्ही आहेत. ही पावले चांगलीच आहेत. लाख पाळणारा बहुधा थोड्या जमिनीचा माणूस असतो. भाताचे पीक गेले तरी बांधावरची चार झाडे त्याला हात देतात. मुलीच्या लग्नाला, मुलाच्या फीला, दवाखान्याच्या खर्चाला लाखेचा पैसा कामी येतो. त्याला दोन रुपये जास्त मिळावेत असे कुणाला वाटणार नाही?

पण लाखेचा भाव स्थिर राहत नाही. तो चढला की गावागावांत अरी कापली जाते. अरी म्हणजे पिकण्याआधी, पिल्ले निघण्याआधीच तोडलेली लाख. तोडणाऱ्याला दोष देणे सोपे आहे. चैत्र-वैशाखात ऊन मी म्हणत असते, उष्णतेची लाट आली तर फांद्यांवरचे किडे होरपळून मरतात. आषाढापर्यंत थांबून सगळेच जाण्यापेक्षा आज हाती येईल ते घ्यावे, असे त्याला वाटते. आणि उन्हाळे तर वर्षागणिक कडक होत चालले आहेत. पण अरी कापली की पिल्ले उरत नाहीत. पिल्ले नाहीत तर बीहन नाही. मग आषाढ येतो, झाडांवर कोवळे फुटवे डोलत असतात आणि बांधायला बीहन मिळत नाही. मिळाले तर दूरचे, महागडे आणि शत्रूंनी भरलेले. लाखेच्या मुलखातली आजची मोठी अडचण हीच आहे.

दुसरी चूक याच्या उलट टोकाची. काही जण पीक उतरवतच नाहीत. फांदी तशीच ठेवतात आणि पिल्लांना त्याच झाडावर पसरू देतात. छाटणी नाही, कूप नाही, बीहन बांधण्याची मेहनत नाही. एक-दोन पिके मिळतात. मग तीच तीच झाडे वर्षानुवर्षे रस देत थकतात, फुटवा बारीक येतो, शत्रूंची वसाहत होते. हे कष्ट टाळलेले पीक शेवटी झाडाच्या जिवावर येते. अरी कापणारा घाईने तोडतो, हा आळसाने राहू देतो, आणि दोघांकडून एकच गोष्ट सुटते. झाडाच्या वतीने मोजण्याचे काम आपले आहे, हे विसरले जाते.

मी या गोष्टीकडे शेतीच्या बातमीसारखे पाहू शकत नाही, कारण आपण सगळेच कुठे ना कुठे बसून रस ओढणारे आहोत. भिलाईची भट्टी दल्ली-राजहराच्या डोंगरातल्या लोखंडावर पेटती राहिली. आपल्या घरांतल्या बोअरवेल जमिनीखालच्या पाण्यावर चालतात. नोकरीत, घरात, नात्यात जिथे आपल्याला मिळते तिथे आपण सोंड रोवतो आणि पुढे हलायची वेळ आली तरी हलता येत नाही. यात गुन्हा नाही. जगणाऱ्याला घ्यावेच लागते. लाखेचा किडा अपराधी नाही, पाइनचे कासवही नाही. पण किड्याला मोजता येत नाही, आणि आपल्याला येते. धमतरीच्या अंगणात बसून जी बाई ठरवते की या वर्षी वरच्या बांधावरच्या झाडांना बीहन लावायचे नाही, ती ते मोजून ठरवते. तिला घराची गरज माहीत असते, बाजारातला भाव माहीत असतो, आणि तरी ती अर्धी झाडे सोडते. पतंगाच्या अळीने जे काम आंधळेपणाने केले असते, ते ती डोळे उघडे ठेवून करते.

इकडे कुम्हारीत लाख कुणी सहसा लावत नाही. शहर वाढते आहे, शेतांचे प्लॉट होताहेत, बांध सपाट होताहेत आणि बांधाबरोबर परसाही जातो. तोडणाऱ्याला वाटते, हे झाड रिकामे उभे आहे, ना फळ ना सावली. मला त्याला सांगावेसे वाटते की रिकामे उभे असणे ही या झाडाच्या वर्षातली एक पाळी असते. लाखेच्या मुलखात विसाव्यातला कूप असाच दिसतो, काही न देणारा, कुठल्याच आकड्यात न धरलेला. त्याच्या नावे त्या वर्षी एक रुपया जमा होत नाही. कर्जाच्या अर्जात त्याला रकाना नाही, आधारभूत किमतीच्या यादीत त्याची ओळ नाही. सरकारला खरोखर काही नवे करायचे असेल तर पिकलेल्या लाखेबरोबर मोकळ्या कुपाचीही नोंद घ्यावी, आणि जो शेतकरी बीहनासाठी काही झाडे आषाढापर्यंत राखतो त्याला त्या राखण्याचे काहीतरी मिळावे. बीहनाचा तुटवडा तिथूनच कमी होऊ लागेल.

या आठवड्यात कांकेरकडच्या पाड्यांवर बीहन बांधणे चालू असेल. तीन आठवड्यांनी फुंकी उतरेल. चैत्रात छाटलेल्या पळसांवर या वेळी काही लागणार नाही. त्यांचे फुटवे पावसात वाढतील आणि त्यांची पाळी येईल कार्तिकात.